घरोघरचें विज्ञान : एका पळाचा हिशेब

दूध उतूं जाण्याची वेळ कोणत्या घड्याळांत पाहावी, असा प्रश्न आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत भोकरास एका स्नेह्यांच्या वाड्यांत त्यांच्या मातुःश्रींस केला. वय ऐंशीच्या पुढचें, दृष्टि मंदावलेली. परंतु शेगडीवर दुधाचें पातेलें ठेवून त्या देवघरांत जात, देवांस फुलें वाहत, एखादें स्तोत्र म्हणत, आणि साय फुगून पातेल्याच्या कांठाशीं येते न येते तोंच परत येऊन आंच कमी करीत. चार दिवस आम्ही तेथें होतों; चार दिवसांत एकदांही चूक झाली नाहीं. आमच्या प्रश्नाला त्या हंसून म्हणाल्या, "त्याला घड्याळ कशाला? कळतंच कीं आपल्याला!"

त्याच घरांत त्यांचा एक नातू आहे. वय सव्वीस, मुलगा बुद्धीनें तल्लख. नांदेडास शास्त्रशाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकला. पुढें जवळ कोणी नसतां त्यास बोलणें ऐकूं येऊं लागलें, शेजारी आपल्याविरुद्ध कट करितात असें वाटूं लागलें, आणि डॉक्टरांनीं दुखण्याचें नांव छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असें सांगितलें. औषध सुरू होऊन दोन वर्षें झालीं. आवाज थांबले, संशय निवाले. परंतु त्यास दुधापाशीं उभें केलें तर तो कधीं तें कोमट असतांच उतरवी, तर कधीं सारें शेगडीवर सांडेपर्यंत समोर पाहत राही. स्नानास गेला तर तासभर बाहेर येत नसे. जेवावयास हांक मारली तर "आलोंच" म्हणून पाऊण तास जागचा हलत नसे. आणि बोलतांना समोरच्याचें वाक्य केव्हां संपेल याचा त्याचा अंदाज नेहमीं चुके.

यावरून घरांत दोन पक्ष पडले होते. थोरल्या काकांचें म्हणणें असें : "आवाज गेले म्हणजे रोग गेला. आतां राहिला तो आळस. गोळ्या बंद करा आणि त्याचं लग्न करून द्या. जबाबदारी पडली म्हणजे आपोआप ताळ्यावर येईल." मुलाच्या आईस हें पटत नव्हतें, परंतु वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यास तिच्यापाशीं पुरावा नव्हता. निघण्याच्या आदल्या रात्रीं पानें वाढतां वाढतां ती आम्हांस म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचतां. हा आळस आहे कीं दुखणं, तेवढं एक सांगा."

त्या प्रश्नास आम्हीं दिलेलें उत्तर आज त्या घराच्या संमतीनें, त्याची ओळख झांकून, येथें लिहीत आहों. कारण हा प्रश्न एका घराचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दर तीनशें माणसांमागें सुमारें एकास हा रोग असतो. म्हणजे थोड्या मोठ्या गांवांत असें एकही घर नाहीं, असें सहसा होत नाहीं. तें दिसत नसेल तर तें दडवून ठेवलेलें असतें, इतकेंच.

प्रथम आजींच्या घड्याळाचा विचार करूं. आपल्या अंगीं निदान दोन निरनिराळीं घड्याळें आहेत. एक दिवसरात्रीचें. गाय धारेच्या वेळीं हंबरते, ठराविक प्रहरीं भूक लागते, पहांटे आपोआप जाग येते, तें या घड्याळाचें काम. त्याची अंतर्रचना उलगडल्याबद्दल २०१७ सालीं तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरें घड्याळ सेकंदांचें व मिनिटांचें. दूध केव्हां वर येईल, रस्त्यावरची मोटार किती वेळांत जवळ येईल, समोरचा मनुष्य बोलायचा थांबला कीं नुसता श्वास घेत आहे, हें सारें तें सांगतें. पहिलें सूर्याशीं जुळलेलें असतें. दुसऱ्यास सूर्याची गरज नाहीं. तें हवें तेव्हां सुरू होतें आणि काम संपतांच थांबतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लग्नकार्यांत घटिकापात्र पाहिलें असेल. बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडतात. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें झालीं. घटिकेचा साठावा भाग तें पळ, चोवीस सेकंदांचें. आपल्या दुसऱ्या घड्याळाचा कारभार बहुधा अशा पळांत चालतो. मेंदूंतही कांहींतरी थेंबथेंब सांचत जातें आणि तें ओळखीच्या पातळीस आलें कीं ‘वेळ झाली’ असें मनास कळतें, अशी एक कल्पना शास्त्रज्ञ मांडीत आले आहेत. ती अक्षरशः खरी नसली तरी समजुतीस उपयोगी आहे. छिद्र मोठें झालें तर वाटी लवकर बुडेल, लहान झालें तर उशिरा. आणि तें क्षणोक्षणीं लहानमोठें होऊं लागलें तर वाटीवर विश्वासच ठेवतां येणार नाहीं.

हें छिद्र ज्या द्रव्याच्या हातीं पुष्कळ अंशीं असावें असें दिसतें, त्याचें नांव डोपामाइन. मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप धाडते त्यासाठीं लागणाऱ्या द्रव्यांपैकीं तें एक. त्याचें महत्त्व कसें उघडकीस आलें या कथेंत आपल्या मुंबईचाही धागा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे उन्मादावर पूर्वापार दिली जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ती वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचें लिहिलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबावरील आपला अनुभव विलायतेच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५४ सालीं अमेरिकेंत नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांस देऊन पाहिल्याचें प्रसिद्ध केलें.

पुढें १९५७ सालीं स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनीं सशांस रिसर्पिन टोंचलें, तेव्हां ते ससे निपचित पडून राहिले. शरीर ज्यापासून डोपामाइन बनवितें तें द्रव्य टोंचतांच तेच ससे थोड्या वेळांत उठून हिंडूं लागले. हालचालीच्या मुळाशीं डोपामाइन आहे हें या मार्गानें कळलें. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. (सर्पगंधेचें नांव वाचून कोणी घरच्या घरीं ती मुळी देऊं नये. तिनें रक्तदाब उतरतो व मन खिन्न होतें. मनोविकारावर तिच्याहून बरीं औषधें निघाल्यामुळें डॉक्टरांनीं ती त्या कामीं केव्हांच सोडली आहे.)

डोपामाइनचा हालचालीशीं संबंध कळला. वेळेशीं कसा कळला? १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत रसेल चर्च व त्यांचे सहकारी पांढऱ्या उंदरांस वेळ ओळखावयास शिकवीत असत. रीत मोठी सुबोध आहे. पिंजऱ्यांत एक दांडी असते. ठराविक वेळ लोटल्यावर ती दाबली तरच खाऊ मिळतो. आधीं कितीही वेळां दाबली तरी व्यर्थ. समजा, ही वेळ एका पळाची ठेविली. उंदीर शिकला, कीं मग मधूनमधून खाऊ मुळींच न देतां तो काय करतो तें पाहावयाचें. आरंभीं तो दांडीकडे फारसा फिरकत नाहीं. पळ भरत आलें कीं भराभर दाबूं लागतो. आणि वेळ टळून गेली कीं नाद सोडून देतो. किती सेकंदांस किती वेळां दाबली याचा आलेख काढला तर एक टेकाड उभें राहतें, आणि त्याचा माथा बरोबर त्या पळाच्या आसपास येतो. तो उंदीरही आपल्या परीनें दूध उतूं जाण्याची वाट पाहत असतो म्हणा ना!

आतां या उंदरास डोपामाइनचा जोर वाढविणारें उत्तेजक औषध दिलें कीं टेकाडाचा माथा अलीकडे सरकतो; त्यास वेळ लवकर झाली असें वाटतें. उलट हॅलोपेरिडॉल दिलें कीं माथा पलीकडे सरकतो. हॅलोपेरिडॉल हें तर छिन्नमनस्कतेवरचेंच एक प्रसिद्ध औषध. डोपामाइनचा निरोप झेलणारे जे ग्राहक पेशींवर असतात, त्यांपैकीं ‘डी-दोन’ जातीच्या ग्राहकांस तें अडवून धरतें. ज्या कुलपाला या रोगाची किल्ली लागते, त्याच कुलपाला पळ मोजण्याचीही किल्ली लागते, हें लक्षांत आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला : या रोगांत घड्याळही बिघडत असेल काय?

या प्रश्नाला हात घातला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं जेथें विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेंच हें विद्यापीठ. तेथें ख्रिस्तोफ केलेनडाँक, एलेनॉर सिम्पसन, एरिक कँडेल आदि शास्त्रज्ञांनीं उंदरांचा एक वंश तयार करून २००६ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या गाभ्यांत स्ट्रायेटम नांवाचा भाग आहे. हालचाल, संवय, हौस आणि वेळेचा अंदाज या साऱ्यांचें तें एक मोठें ठाणें. या उंदरांत त्या भागांतील डी-दोन ग्राहक नेहमींपेक्षां अधिक होतील अशी योजना केलेली होती; कारण कांहीं रोग्यांच्या मेंदूंत या ठिकाणीं तशीच वाढ आढळली होती. शिवाय एक खुबी ठेविली होती : उंदरांस डॉक्सिसायक्लिन हें तापावर वगैरे देतात तें औषध दिलें कीं हे वाढीव ग्राहक नाहींसे व्हावेत. म्हणजे बिघाड हवा तेव्हां काढून टाकण्याची सोय होती.

२००७ सालीं मायकेल ड्रू, पीटर बाल्सम व वरील मंडळी यांनीं या उंदरांपुढें दांडी ठेविली. दोन दोष दिसले. पहिला हा, कीं खाऊची वेळ ओळखणें त्यांस नीट साधेना. दुसरा हा, कीं खाऊसाठीं कष्ट घेण्याची त्यांस हौस राहिली नव्हती. एका घांसासाठीं दांडी अधिकाधिक वेळां दाबावी लागेल अशी व्यवस्था केली, तर इतर उंदीर खटपट करीत राहत आणि हे लवकरच सोडून देत. घरांत असता तर थोरल्या काकांनीं त्या उंदरास आळशीच म्हटलें असतें.

मग उंदीर वयांत आल्यावर डॉक्सिसायक्लिन देऊन वाढीव ग्राहक काढून टाकण्यांत आले. हौस परत आली. कष्ट करण्यांत हे उंदीर इतरांसारखे झाले. परंतु घड्याळ सुधारलें नाहीं. कारण निघून गेलें तरी वेळेचा अंदाज बिघडलेलाच राहिला. यावरून शास्त्रज्ञांनीं असें अनुमान काढलें कीं, मेंदूची वाढ होत असतांना हा बिघाड राहिला तर वेळ मोजणाऱ्या जुळणीचीच घडी वेगळी बसते, आणि ती मागाहून सहज मोडत नाहीं.

आम्ही हें सांगत असतां थोरले काका मध्यें म्हणाले, "उंदराचं काय घेऊन बसलांत? उंदराला का भ्रम होतात?" आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. छिन्नमनस्कतेचा उंदीर असा कोणी नसतो. त्यास आवाज ऐकूं येतात कीं नाहीं हें विचारतां येत नाहीं. माणसाच्या या रोगास एक नव्हे, अनेक कारणें असतात. त्यांतलें एखादेंच वेगळें काढून उंदरांत उभें करितां येतें. म्हणून शास्त्रज्ञ त्यास रोगी न म्हणतां रोगाचा नमुना म्हणतात. विहिरीचा नकाशा म्हणजे विहीर नव्हे, परंतु कोठें खणावें हें तो सांगूं शकतो. शिवाय २००९ सालीं याच उंदरांवर झालेल्या आणखी तपासांत असें दिसलें कीं, वेळेचा बोथटपणा केवळ घड्याळाचा नसून लक्ष न टिकणें व हौस नसणें यांचाही त्यांत वांटा आहे. हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत; आपल्या सोयीनें ते सुटे होत नाहींत.

म्हणून माणसांकडे वळलें पाहिजे. छिन्नमनस्कतेच्या रोग्यांस लहान लहान कालावधि ओळखावयास लावण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. २०१७ सालीं जर्मनींतील दोघां संशोधकांनीं त्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यांतून मुख्यतः असें दिसलें कीं, रोग्यांचें घड्याळ सरसकट पुढें किंवा मागें असतें असें म्हणतां येत नाहीं; तें अस्थिर असतें. तेंच पळ एकदां मोठें भासतें, एकदां लहान. भोकरच्या त्या पातेल्याकडे आतां पुन्हा पाहावें. मुलगा दूध नेहमींच उशिरा उतरवीत असता तर त्यास आळस म्हणण्यास जागा होती. परंतु तो कधीं तें कोमट असतांनाच उतरवीत असे. आळशी मनुष्य वेळेच्या आधीं उठून काम करीत नाहीं.

हें शेवटचें वाक्य ऐकून काका कांहीं बोलले नाहींत. आजी मात्र म्हणाल्या, "म्हणजे त्याला कळत नाहीं असं नाहीं, केव्हां, तें कळत नाहीं." आम्हीं चार तास बोलून जें सांगितलें, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें.

यांतून घरानें काय घ्यावें? पहिली गोष्ट, आवाज थांबणें म्हणजे रोग संपणें नव्हे. औषधें आवाज व संशय यांवर चांगला गुण देतात. मंदावलेली हौस, न टिकणारें लक्ष आणि बिघडलेला अंदाज यांवर त्यांचा गुण तितका येत नाहीं. हा उरलेला भागही दुखणेंच आहे. गोळ्यांनीं मनुष्य मंद होतो असें वाटलें तर तें डॉक्टरांस सांगावें, ते मात्रा किंवा औषध बदलून पाहतील. परंतु आपल्या मतानें गोळ्या बंद करूं नयेत. थांबलेले आवाज त्यामुळें परत येतात, हा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, उपचारास उशीर करूं नये. मराठवाड्यांत हा उशीर कांहीं अंशीं अंतरानेंच घडविला. निजामाच्या राजवटींत जालन्यास मनोरुग्णांचें इस्पितळ होतें. १९५३ सालीं तें हैदराबादेस एर्रागड्डा येथें गेलें. पुढें महाराष्ट्राचीं जुनीं सरकारी मनोरुग्णालयें पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी या ठिकाणीं. त्यांतलें एकही या बाजूस नव्हे. मुदखेडची गाडी धरून तेथून पुढें दूरदेशीं जावयाचें, म्हणून घरें आधीं देवऋष्याकडे जात, मग वर्षांमागून वर्षें वाट पाहत. आतां नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकाराचे डॉक्टर भेटतात, आणि २०२२ सालापासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करून विनामूल्य सल्ला घेतां येतो. वाट पाहण्यास आतां तितकें निमित्त उरलेलें नाहीं.

तिसरी गोष्ट लग्नाची. लग्न हें औषध नव्हे. दुखणें झांकून दुसऱ्याच्या घरची मुलगी आणणें हा तिच्यावर अन्याय आहेच, परंतु ज्याच्यासाठीं हें करावयाचें त्याच्यावरही आहे. ज्याचा एका पळाचा हिशेब जमत नाहीं त्याच्यावर सबंध संसाराच्या वेळापत्रकाचें ओझें टाकून ‘आतां सुधार’ म्हणणें हें कोणत्या न्यायाचें? या रोगांतून सांवरलेलीं माणसें लग्न करितात व संसारही नीट करितात. परंतु दोन्ही घरांस सारें ठाऊक असावें, डॉक्टरांचा विचार घेतलेला असावा, आणि निर्णय त्या दोघांचा असावा.

चौथी गोष्ट सर्वांत साधी. ज्याचें आंतलें घड्याळ भरंवशाचें नाहीं, त्यास बाहेरचें द्यावें. जेवण, औषध, स्नान, फिरणें यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्यात. एका वेळीं एकच काम सांगावें. बोलतांना त्याच्या उत्तरासाठीं आपण दोन श्वास अधिक थांबावें. आणि ‘अजून किती वेळ?’ असें ओरडण्याऐवजीं घंटा वाजणारें घड्याळ हातीं द्यावें. आपल्या एकत्र कुटुंबांत उणीदुणीं काढणारीं तोंडें पुष्कळ असतात हें खरें. परंतु अशा माणसाच्या दिवसाला वळण लावण्यास हातही पुष्कळ असतात, आणि ही सोय दोन खोल्यांच्या संसारांत नसते.

गेल्या महिन्यांत त्या माउलीचें पत्र आलें. मुलास घेऊन ती नांदेडास जाऊन आली. गोळ्या चालू आहेत, एकीची मात्रा डॉक्टरांनीं कमी केली. लग्नाचा विषय तूर्त मागें पडला आहे. शेगडीशेजारीं एक घंटेचें घड्याळ ठेविलें आहे आणि सकाळचें दूध तापविण्याचें काम त्याच्याकडे दिलें आहे. घंटा झाली कीं तो उठतो. महिन्याभरांत दूध तीनदां उतूं गेलें. त्यांपैकीं एकदां, ती लिहिते, घड्याळाला किल्ली द्यावयास थोरले काकाच विसरले होते.